आर्मेनियातील अणुऊर्जा

आर्मेनियातील अणुऊर्जा : कॉकेशस पर्वतप्रदेशातील आर्मेनिया या लहान, भूवेष्टित देशात विद्युत् निर्मितीसाठी होणारा अणुकेंद्रीय ऊर्जेचा वापर. या देशात मेत्सामोर येथे एकच अणुवीज केंद्र असून त्यातील एकच विक्रियक (अणुभट्टी) चालू आहे. देशात निर्माण होणाऱ्या एकूण विजेपैकी साधारणतः एक-तृतीयांश वीज हा एकटा विक्रियक पुरवितो. हे केंद्र भूकंपप्रवण प्रदेशात आहे व त्याची रचना जुनी आहे. तथापि ते बंद ठेवले असता काय होते, याचा अनुभवही या देशाने १९८९ ते १९९५ या काळात घेतलेला आहे. लहान देशात अणुऊर्जेचे भवितव्य केवळ विक्रियकाच्या गुणदोषांवर ठरत नसून वीजजालाचे आकारमान, शेजारी देशांशी असलेले संबंध, इंधनाचा पुरवठा आणि भांडवल यांवरही ते अवलंबून असते, हे आर्मेनियाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

पार्श्वभूमी : आर्मेनियाचे क्षेत्रफळ २९,७४३ चौ. किमी. असून लोकसंख्या सु. ३० लक्ष आहे. देशात खनिज तेल वा नैसर्गिक वायू यांचे उपयोगी साठे नाहीत व चांगल्या प्रतीचा दगडी कोळसाही नाही. डोंगराळ भूमी व वेगाने वाहणाऱ्या नद्या यांमुळे जलविद्युत् हे एकमेव महत्त्वाचे पारंपरिक साधन आहे. सेवान सरोवरातून निघणाऱ्या ह्राझदान नदीवरील व दक्षिणेकडील व्होरोतान नदीवरील केंद्रमालिका ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. सोव्हिएट राजवटीत सेवान सरोवराचे पाणी वीज व सिंचन यांसाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर उपसले गेले की, सरोवराची पातळी जवळजवळ २० मी. खाली गेली. सरोवर वाचवायचे तर विजेसाठी दुसरे साधन हवे, हा विचार अणुवीज केंद्र उभारण्यामागील कारणांपैकी एक होता.

मेत्सामोर केंद्र : राजधानी येरेव्हानच्या पश्चिमेस सु. ३० किमी. अंतरावर, अरारात मैदानात हे केंद्र आहे. तुर्कस्तानची सरहद्द तेथून जवळच आहे. केंद्राचा पहिला विक्रियक १९७६ मध्ये व दुसरा १९८० मध्ये वीजजालाला जोडण्यात आला. प्रत्येकाची स्थापित क्षमता ४०७·५ मेवॉ., म्हणजे केंद्राची एकूण क्षमता ८१५ मेवॉ. होती. त्या वेळी आर्मेनिया हा सोव्हिएट संघाच्या कॉकेशसमधील सामाईक वीजजालाचा भाग होता व केंद्राचे आकारमान त्या मोठ्या जालाच्या हिशेबाने ठरविण्यात आले होते. पुढे देश स्वतंत्र झाला आणि मोठ्या जालासाठी उभारलेले केंद्र लहान जालाच्या वाट्यास आले. त्यानंतरच्या अनेक अडचणींचे मूळ या घटनेत आहे.

मेत्सामोर येथील विक्रियक ‘व्हीव्हीईआर-४४०’ या सोव्हिएट बनावटीच्या दाबित जल विक्रियकांच्या पहिल्या पिढीतील आहेत. या प्रकारात अल्प प्रमाणात समृद्ध केलेले युरेनियम हे इंधन असते व साधे पाणी मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) आणि शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) अशी दोन्ही कामे करते. इंधनातील भंजनाने तापलेले पाणी उच्च दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही. ते सहा मंडलांमधून आडव्या वाफ जनित्रांकडे जाते व तेथे आपली उष्णता दुसऱ्या, स्वतंत्र मंडलातील पाण्याला देते. त्या पाण्याच्या वाफेवर टरबाइने चालतात. जवळपास समुद्र नसल्यामुळे टरबाइनांमधून बाहेर पडणारी वाफ थंड करण्यासाठी शीतन मनोरे वापरतात.

या रचनेचा मुख्य दोष असा की, विक्रियकाभोवती आधुनिक पद्धतीचे भक्कम काँक्रीटचे बंदिस्त संरक्षक कवच नाही. नलिका फुटून किरणोत्सर्गी वाफ बाहेर पडल्यास तिला अडविणारा शेवटचा अडथळा त्यामुळे दुबळा राहतो. उलटपक्षी, विक्रियकाच्या शक्तीच्या मानाने मंडलांतील पाण्याचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे शीतनात खंड पडल्यास तापमान सावकाश वाढते व चालकांना उपाय योजण्यास अधिक अवधी मिळतो. भूकंपप्रवणता लक्षात घेऊन मेत्सामोरसाठी मूळ आराखड्यात बदल करण्यात आले होते व यंत्रसामग्रीस धक्के शोषून घेणारे आधार बसविण्यात आले होते.

भूकंप व केंद्र बंद होणे : १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आर्मेनियात अणुवीज केंद्राविरुद्ध लोकमत संघटित होऊ लागले व १९८७ मध्ये येरेव्हान येथे पर्यावरण रक्षणासाठी निदर्शने झाली. ७ डिसेंबर १९८८ रोजी उत्तर आर्मेनियात स्पिताक येथे तीव्र भूकंप झाला. त्याचे परिमाण ६·८ होते व त्यात २५,००० हून अधिक लोक मृत्यू पावले. भूकंपाच्या केंद्रापासून सु. ७५ किमी. अंतरावर असलेल्या मेत्सामोर केंद्रास इजा पोहोचली नाही व ते चालूच राहिले. तथापि पुढील भूकंप याहून जवळ झाला तर काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते. १९८९ च्या फेब्रुवारीत पहिला व मार्चमध्ये दुसरा विक्रियक बंद करण्यात आला.

त्या वेळी शेजारच्या प्रजासत्ताकांतून वायू व वीज मिळत असल्याने ही उणीव भरून निघेल, असे मानण्यात आले होते. दोन-तीन वर्षांतच परिस्थिती पालटली. सोव्हिएट संघाचे विघटन झाले. नागोर्नो-काराबाखच्या संघर्षामुळे अझरबैजानमार्गे येणारा वायू बंद झाला. १९९३ मध्ये तुर्कस्ताननेही सरहद्द बंद केली. जॉर्जियामार्गे येणारी एकच वायुनलिका उरली व तीही घातपातामुळे वारंवार निकामी होई. १९९२ ते १९९५ या काळातील हिवाळ्यांत घरोघरी दिवसाकाठी एक-दोन तासच वीज मिळे. कारखाने बंद पडले, शहरांतील व डोंगरावरील झाडे सरपणासाठी तोडली गेली आणि कडाक्याच्या थंडीत लोकांनी घरातील लाकडी सामान जाळून ऊब मिळविली. विजेसाठी सेवानचे पाणी पुन्हा मोठ्या प्रमाणावर सोडावे लागले व सरोवराच्या पुनरुज्जीवनाचे काम मागे पडले. आर्मेनियात हा काळ ‘अंधाराची वर्षे’ म्हणून ओळखला जातो. अणुवीज केंद्राचा धोका टाळण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत अशा प्रकारे वेगळ्याच संकटाच्या रूपाने मोजावी लागली. अणुऊर्जेविषयीचे तेथील लोकमत त्यामुळे जे बदलले, ते बव्हंशी तसेच राहिले आहे.

पुनरारंभ : १९९३ मध्ये सरकारने दुसरा विक्रियक पुन्हा सुरू करण्याचे ठरविले व त्याच वर्षी स्वतंत्र अणुसुरक्षा नियामक कार्यालय स्थापन केले. रशियाच्या तांत्रिक साहाय्याने यंत्रसामग्रीची तपासणी व दुरुस्ती होऊन ५ नोव्हेंबर १९९५ रोजी, साडेसहा वर्षांच्या खंडानंतर, विक्रियकाने पुन्हा वीजपुरवठा सुरू केला. पहिला विक्रियक मात्र कायमचा बंद राहिला.

यूरोपीय संघाने हे केंद्र २००४ पर्यंत बंद करावे असा आग्रह धरला व त्यासाठी १० कोटी यूरोंचे साहाय्य देऊ केले. तितकीच वीज देणारे नवे साधन उभारण्यास याच्या कित्येक पटींनी खर्च येईल, या कारणास्तव आर्मेनियाने ते नाकारले. यूरोपीय संघाशी २०१७ मध्ये झालेल्या व्यापक भागीदारीच्या करारातही मेत्सामोर केंद्र सुरक्षितपणे बंद करण्याचे उद्दिष्ट नमूद आहे. मात्र त्याबरोबरच पर्यायी वीजनिर्मितीची गरजही लक्षात घेतलेली आहे.

आयुर्वर्धन व सुरक्षितता : विक्रियकाचे मूळ नियोजित आयुष्य ३० वर्षांचे होते. बंद काळ वगळता ते २०१६ मध्ये संपले. नंतर ते २०२६ पर्यंत वाढविण्यात आले. यासाठी २०१५ मध्ये रशियाने २७ कोटी डॉलरचे कर्ज व ३ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. परंतु कर्जाचा उर्वरित भाग न घेता २०२० मध्ये आर्मेनियाने पुढील काम स्वतःच्या निधीतून करण्याचे ठरविले. टरबाइनांच्या नूतनीकरणामुळे विक्रियकाची क्षमता सु. ४४८ मेवॉ.पर्यंत वाढली.

जुन्या विक्रियकांत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पोलादी दाबपात्राचा असतो. इंधन, पंप, नलिका इ. भाग बदलता येतात. दाबपात्र बदलता येत नाही. न्यूट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने पोलाद, विशेषतः जोडांच्या ठिकाणी, ठिसूळ बनते. अशा पात्रात आणीबाणीच्या वेळी एकाएकी थंड पाणी सोडल्यास ते तडकण्याचा संभव असतो. यावरील उपाय म्हणजे अनुशीतन होय. पात्र रिकामे करून ठिसूळ झालेला पट्टा सु. ४७५° से. तापमानाला काही दिवस ठेवतात व मग सावकाश थंड करतात. त्यामुळे पोलादाचा चिवटपणा पुष्कळ अंशी परत मिळतो. मेत्सामोर येथे दुसऱ्या विक्रियकाच्या पात्राचे अनुशीतन २०२१ मध्ये करण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये रशियाच्या रोसॅटम या शासकीय संस्थेबरोबर आणखी एक करार झाला असून त्यानुसार विक्रियकाचे आयुष्य २०३६ पर्यंत वाढविण्याचे काम करावयाचे आहे. करार सु. ६·५ कोटी डॉलरचा आहे.

फुकुशिमा येथील २०११ च्या दुर्घटनेनंतर आर्मेनियाने यूरोपीय संघाच्या धर्तीवर केंद्राची ताणपरीक्षा स्वेच्छेने करून घेतली. अनुशीतन, भूकंपरोधक आधारांचे बळकटीकरण व शीतनाच्या जादा व्यवस्था यांमुळे धोका कमी झाला आहे. संरक्षक कवचाची मूळ उणीव मात्र कोणत्याही दुरुस्तीने पूर्णपणे भरून निघणारी नाही. याच पिढीतील बल्गेरियातील कोझ्लोदुय व स्लोव्हाकियातील बोहुनित्से येथील विक्रियक यूरोपीय संघातील प्रवेशाची अट म्हणून बंद करण्यात आले.

इंधन व अपशिष्टे : वायू व युरेनियम ही दोन्ही इंधने आर्मेनिया आयातच करतो, तथापि त्यांच्या आयातीत मोठा फरक आहे. या आकाराच्या विक्रियकास वर्षाला साधारणतः दहा-बारा टन इंधन पुरते. तितकीच वीज आधुनिक वायू केंद्रातून मिळवावयाची झाल्यास अंदाजे ५० कोटी घ. मी. वायू लागेल. वायूचा साठा करणे अवघड असते व नलिका बंद झाली की काही दिवसांतच त्याची झळ पोहोचते. याउलट अणुइंधनाचा वर्ष-दोन वर्षांचा साठा एका लहान इमारतीत ठेवता येतो. पूर्व व पश्चिम सरहद्दी बंद असल्याने रशियातून येणारे हे इंधन विमानाने आणले जाते. नाकेबंदीत अडकलेल्या देशाला अणुऊर्जा आकर्षक वाटण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय.

परंतु इंधन साठविता आले, तरी पुरवठादार एकच असल्यामुळे परावलंबित्व उरतेच. इंधनाची थकबाकी फेडण्यासाठी २००३ मध्ये केंद्राचे आर्थिक व्यवस्थापन एका रशियन वीज कंपनीकडे सोपवावे लागले होते. वायूही प्रामुख्याने रशियातूनच येतो व देशातील वायुवितरणाचे जाळे रशियन कंपनीच्याच मालकीचे आहे. त्यामुळे दोन वेगळी इंधने वापरूनही पुरवठ्याचे स्रोत मात्र वेगळे होत नाहीत.

वापरलेले इंधन प्रथम काही वर्षे पाण्याच्या टाक्यांत थंड होऊ देतात व नंतर केंद्राच्या आवारातील कोरड्या साठवणगृहात ठेवतात. फ्रेंच तंत्रज्ञानावर आधारलेले हे साठवणगृह २००० च्या सुमारास वापरात आले. दीर्घकाळ किरणोत्सर्गी राहणाऱ्या अपशिष्टांच्या अखेरच्या विल्हेवाटीची सोय देशात नाही. एकच विक्रियक असलेल्या देशाला खोल भूगर्भातील स्वतंत्र साठवणगृह बांधणे परवडणे कठीण असते आणि दुसऱ्या देशाची अपशिष्टे स्वीकारण्यास सहसा कोणी तयार नसते.

वीजजालाचे आकारमान : वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे खर्चाचे असल्याने निर्मिती व मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. हा मेळ बिघडला की, प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) ५० पासून ढळते. एखादे मोठे जनित्र अचानक बंद पडल्यास कंप्रता झपाट्याने घसरते व इतर जनित्रांनी ती तूट काही सेकंदांत भरून न काढल्यास ती जनित्रेही एकामागून एक जालापासून अलग होतात. यास्तव कोणत्याही एका जनित्राची क्षमता जालाच्या एकूण मागणीच्या सु. एक-दशांशाहून फारशी अधिक नसावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आर्मेनियाची हिवाळ्यातील कमाल मागणी साधारणतः १,२०० मेवॉ.च्या घरात असते व वसंत ऋतूतील रात्री ती बरीच खाली येते. मेत्सामोरचा विक्रियक म्हणजे कमाल मागणीच्याही एक-तृतीयांशाहून अधिक भाग होय. हा असमतोल सावरतो तो मुख्यतः शेजारी देशामुळे. आर्मेनियाचे वीजजाल इराणच्या अनेक पटींनी मोठ्या जालाशी समकालिक रीतीने जोडलेले असून विक्रियक अकस्मात बंद पडल्यास तत्क्षणीची तूट तिकडून भरून निघू शकते. इंधन बदलण्यासाठी व दुरुस्तीसाठी विक्रियक दरवर्षी काही आठवडे थांबवावा लागतो. त्या अवधीत वायूवर चालणारी केंद्रे भार उचलतात. म्हणजे विक्रियक कितीही विश्वसनीय असला, तरी त्याच्या तोडीची राखीव क्षमता बाळगणे लहान देशाला चुकत नाही आणि तो खर्च अणुविजेच्या किंमतीत धरावाच लागतो.

इतर लहान देशांचे अनुभव : लिथुएनियातील इग्नालिना केंद्र देशाच्या गरजेपैकी बहुतांश वीज पुरवीत असे. यूरोपीय संघातील प्रवेशाच्या अटीनुसार त्याचा शेवटचा विक्रियक २००९ च्या अखेरीस बंद झाला आणि देश विजेचा मोठा आयातदार बनला. २०१२ च्या सल्लात्मक जनमतपृच्छेत नव्या केंद्राला बहुसंख्य मतदारांनी विरोध दर्शविला. लिथुएनियावर अंधाराची वेळ आली नाही, कारण शेजारी देशांकडून वीज घेण्याचे मार्ग खुले होते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बाल्टिक देशांची वीजजाले यूरोप खंडाच्या जालाशी समकालिक करण्यात आली. स्लोव्हेनियाने दुसरा मार्ग अवलंबिला. तेथील क्रश्को केंद्राचा ६९६ मेवॉ.चा एकमेव विक्रियक क्रोएशियाबरोबर निम्म्या भागीदारीत चालविला जातो. खर्च, वीज व अपशिष्टांची जबाबदारी यांची अशी वाटणी दोन्ही देशांना सोयीची ठरली आहे. या दोन्ही देशांना खुल्या सरहद्दींचा लाभ होता. आर्मेनियाला तो मिळालेला नाही.

पर्यायी साधने : २०१० मध्ये येरेव्हान येथे व २०२१ मध्ये आणखी एक अशी संयुक्त आवर्तनाची कार्यक्षम वायू केंद्रे सुरू झाली. इराणकडून नलिकेने वायू येतो. त्याचा मोबदला विजेच्या रूपात दिला जातो : एक घ. मी. वायूस तीन युनिट वीज. आधुनिक केंद्रात तेवढ्या वायूपासून सु. पाच युनिट वीज मिळत असल्याने उरलेली वीज आर्मेनियाच्या पदरात पडते. सौर ऊर्जेची स्थितीही अनुकूल आहे. देशात दर चौ. मी. क्षेत्रावर वर्षाला सरासरी सु. १,७२० किवॉ.-तास सौर ऊर्जा पडते. २०१५ नंतरच्या दशकात सौर विजेचे उत्पादन वेगाने वाढले. परंतु मागणी सर्वाधिक असते ती हिवाळ्यातील संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर. विद्युत् घटमाला व उदंचित जलसाठे यांनी दिवसाची वीज रात्रीस नेता येते; उन्हाळ्याची वीज हिवाळ्यात नेणे मात्र फार खर्चाचे आहे.

नव्या विक्रियकाच्या योजना : २०१० मध्ये रशियाबरोबर सु. १,००० मेवॉ. क्षमतेच्या नव्या विक्रियकाचा करार झाला. परंतु भांडवलाअभावी काम सुरू झाले नाही. असा एक विक्रियक जवळजवळ साऱ्या देशाची कमाल मागणी भागवू शकेल. पण तो बंद पडताच देशही अंधारात जाईल. शिवाय, तुर्कस्तानात अक्कुयू येथील चार मोठ्या विक्रियकांचा अंदाजित खर्च २० अब्ज डॉलर आहे. त्या हिशेबाने एका विक्रियकास सु. पाच अब्ज डॉलर लागतील. आर्मेनियाचे वार्षिक राष्ट्रीय उत्पादन २०२३ मध्ये सु. २४ अब्ज डॉलर होते.

या कारणांमुळे २०२० नंतर सरकारचा कल लहान, विभागशः जोडता येण्याजोग्या विक्रियकांकडे वळला. २०२४ मध्ये पर्यायांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र शासकीय कंपनी स्थापन झाली. रशिया, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, दक्षिण कोरिया, फ्रान्स इ. देशांच्या तंत्रज्ञानांचा विचार होऊ लागला. ७० ते ३०० मेवॉ. क्षमतेचे असे विक्रियक आर्मेनियाच्या जालास अधिक मानवतील. एक बंद असताना दुसरा चालू ठेवता येईल व भांडवलही टप्प्याटप्प्याने गुंतविता येईल. अडचण अशी की, त्यांचा व्यवहारातील अनुभव तुटपुंजा आहे. रशियाचे तरंगते केंद्र (२०१९) व चीनमधील शिदाओवान येथील वायुशीतित विक्रियक (२०२३) ही चालू असलेली मोजकी उदाहरणे होत. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीची युटा राज्यातील नगरपालिकांसाठी आखलेली योजना खर्च वाढल्याने २०२३ मध्ये सोडून देण्यात आली. कॅनडात डार्लिंग्टन येथील ३०० मेवॉ.च्या विक्रियकास २०२५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. पहिल्या प्रतीचा सर्व धोका पत्करण्याची कुवत लहान देशाजवळ नसते. इतरत्र अनुभव जमा होईपर्यंत थांबावे, तर जुना विक्रियक आणखी जुना होत जातो.

भवितव्य : मेत्सामोरच्या विक्रियकाचे आयुष्य २०३६ पर्यंत वाढविण्याच्या निर्णयाने आर्मेनियाला मुख्यतः अवधी मिळणार आहे. निवड, परवाना, भांडवल उभारणी व बांधकाम यांस दहा वर्षे सहज लागतात. त्यामुळे हा अवधी दिसतो तितका मोठा नाही. त्याचबरोबर केंद्राच्या विसर्जनासाठी निधी साठविणे, १९८९ नंतर देशाबाहेर गेलेल्या तंत्रज्ञांची उणीव नव्या पिढीकडून भरून काढणे आणि अरारात मैदानातील घटत्या भूजलाचा शीतनाच्या गरजेशी मेळ घालणे, ही कामेही पुढे आहेत. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे आर्मेनिया व अझरबैजान यांच्या शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या झाल्या. या प्रक्रियेतून सरहद्दी खुल्या होऊन वीजजाले चारही दिशांना जोडली गेल्यास विक्रियकाचे आकारमान, राखीव क्षमता व इंधनाचा पुरवठा या तिन्ही प्रश्नांची तीव्रता कमी होईल आणि अणुऊर्जा हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय ठरेल. सरहद्दी बंद राहिल्या, तर १९८९ प्रमाणे पर्याय हाती नसताना केंद्र बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच त्याच्या जागी दुसरे काही न उभारता ते वर्षानुवर्षे चालू ठेवणेही धोक्याचे ठरेल.